टेकचंद ड्रेसरचे पिक्चर

आमच्या कॉलनीत पिक्चर चांगला का वाईट, हे पेपर वाचून ठरत नाही अन् मोबाइल पाहूनही ठरत नाही. टेकचंदभाऊ काय म्हणते, त्याच्यावर ठरते. टेकचंदभाऊ म्हणजे माझा नवरा. चिखल्याच्या खाणीत जमिनीच्या खाली काम करतात, अन् सुटी आली का मोटारसायकल काढून तुमसरले पिक्चर पाहाले जातात. संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या पारावर येऊन बसले का लोक विचारतात, "काय भाऊ, कोणता ग्रेड?"

बाकी दुनिया पिक्चरले स्टार देते, आमच्या इथं ग्रेड देतात. खाणीतून मँगनीजचा जो दगड निघते त्याचे ग्रेड पडतात ना, तेच. काळा, वजनदार माल तो हायग्रेड. त्याच्या खाली मिडियम, मंग लोग्रेड. अन् ज्यात काहीच नाही तो डम्पावर, टाकाऊ दगडाच्या ढिगावर, फेकतात. हे म्हणत, "इंटरवलपर्यंत हायग्रेड लागला, नंतर निस्ती माती." एखाद्या हिरोले म्हणत, "वरून चमकते, उचलून पाहा तं वजन नाही." यायनं एकदा डम्प म्हटलं का त्या पिक्चरले आमच्या क्वार्टरच्या लाइनीतून कुत्रं जात नव्हतं.

अन् सांगाची तऱ्हा काय सांगू! दुसरे लोक स्टोरी सांगतात, हे डायलॉग सांगत. हिरोच्या बापाचा खोकलासुद्धा करून दाखवत. गाणं एकदा ऐकलं का तुमसरवरून घरी येईपर्यंत पाठ. मी पोळ्या करता करता अर्धा पिक्चर इथंच ऐकून घेत होती, तिकिटाची गरज नव्हती.

कामानं हे ड्रेसर आहेत. या शब्दानं माझ्या सोयरिकीतच घोटाळा केला होता. मधात पडलेल्या माणसानं माझ्या बाबाले सांगतलं, पोरगा ड्रेसर आहे. बाबाले वाटलं, दवाखान्यात पट्ट्या बांधणारा. पाहाले आले त्याच दिवशी बाबानं पोह्याची बशी बाजूले सारली, धोतर वर केलं अन् यायले पोटरीवरचं गळू दाखवलं. "जवाईबापू, हे पिकन का बसन?" यायनं हसू दाबून गळवाभोवती बोटानं दाबून पाहिलं अन् म्हटलं, "पिकन." पिकलंही. बाबा खूश. खरं काम लग्न ठरल्यावर समजलं.

खाणीतला ड्रेसर म्हणजे छताचा डॉक्टर. खाली सुरुंग लावून दगड फोडतात. ब्लास्टिंग झालं का सगळ्यायच्या आधी ड्रेसर आत जाते. लांब सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन वरचं छत ठोकते. दगड पक्का असन तं टणटण वाजते. आतून ढिल्ला असन तं भद्द वाजते. भद्द वाजला का तो पाडून टाकाचा, मंगच बाकीच्या गँगनं आत पाय ठेवाचा. यायच्या मागं माझा सख्खा भाऊ हेमराज काम करते. यायनंच त्याले शिकवलं, यायनंच त्याले गँगमध्ये घेतलं.

आता माझ्या स्वभावाचं सांगते. मी संशयी आहे, नाही म्हणत नाही. दूधवाल्यावर संशय घेते, भाजीवाल्याच्या काट्यावर घेते, टीव्हीवरच्या बातमीवर तं घेतेच घेते. नवऱ्यावर घ्याची पाळी मात्र आली नव्हती. ती मागच्या दिवाळीच्या आगेमागे आली.

पहिले फोन. हे फोन उचलेनासे झाले. खिशात थरथरला का काढून पाहाचं, परत ठेवाचं अन् कोपऱ्यात जाऊन अंगठ्यानं मेसेज करत बसाचं. मी विचारलं, "कोणाचा होता?"

"हाव."

"अहो, कोणाचा होता म्हणते मी!"

"हाव, हाव. करून टाक."

काय करून टाकू? ज्या माणसाचं ध्यान घरात नसते तोच असा बोलते का नाही? मंग टीव्हीचा आवाज. इतका मोठा का मांडणीवरच्या ताटल्या थरथरत. मी मनात म्हटलं, बायकोनं काही विचारूच नये म्हणून ही तजवीज आहे.

अन् मंग उषाबाई. आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. तिचा नवरा विनोद यायच्याच गँगमधला. उषाबाईचा आवाज म्हणजे शिफ्टचा भोंगा, तिनं नळावर "वं करुणा" म्हटलं तं टाकीवरचे कबुतर उडतात. ती बोलाले लागली का हे टक लावून तिच्या तोंडाकडं पाहत राहत. डोळ्याकडं नाही, तोंडाकडं! मी बोलली तं "हाव", अन् तिनं विचारलं तं बराबर उत्तर, वरून हसणंही. सांगा आता, मी काय समजाचं? मी उषाबाईच्या घरी वाटीभर साखर मागाले जाणं बंद केलं. तिनं दिलेलं लोणचं उघडलंही नाही.

पिक्चरच्या ग्रेडमध्येही काहीतरी काळंबेरं दिसाले लागलं. मायलेकीचा एक पिक्चर आला होता, सारी कॉलनी डोळे सुजवून आली. हे म्हणे, "लोग्रेड. निस्ती बडबड." अन् एक दक्षिणेकडचा मारामारीचा पिक्चर, त्याले हायग्रेड! काय तं म्हणे गाड्या उडतात, डोंगर फुटतात, हिरॉइनची मोरपंखी साडी वाऱ्यावर जाते. डायलॉग एकही सांगतला नाही. गाणं विचारलं तं म्हणे, "गाण्याचं काय घेऊन बसली!" अन् साडी? या माणसाले लग्नातल्या माझ्या शालूचा रंग याद नाही. नवरा साडीचा रंग सांगाले लागला तं समजून जाव, कोणीतरी साडी नेसून बाजूच्या खुर्चीवर बसून राहिली.

फुटलं ते नळावर. त्याच्या दोन-तीन दिवस आधी यायनं पारावर एका पिक्चरले हायग्रेड दिला होता. "पोरगी माहेरी रुसून बसली राहते. शेवटी हासत हासत सासरी येते. दारात उभी राहते, पिक्चर खतम. घरच्यायले घेऊन पाहा." उषाबाई आपल्या बहिणीले घेऊन पाहून आली अन् सकाळी नळावर भोंगा वाजला.

"वं करुणा! भाऊजी कोणता पिक्चर पाहून आले वं? ती पोरगी राहाले नाही येत सासरी! दारात उभी राहून सासूले म्हणते, 'माझं सामान काढून द्या, मी चालली.' अन् मंग हासते. साऱ्या बायकायनं टाळ्या वाजवल्या. भाऊजी पिक्चरलेच जातात ना, का दुसरीकडं कुठं?"

नळावरच्या साऱ्या बाया माझ्याकडं पाहाले लागल्या. मले असं झालं का बकेटीत तोंड घालून बसाव. पण एक झालं, उषाबाई माझ्या यादीतून निघाली. चोर स्वतःच चोरी सांगत नाही. म्हणजे कोणी असन तं ती तुमसरची.

घरी येऊन मी यायच्या शर्टाचे खिसे उलटे केले. तिकीट निघालं. खरं तिकीट, त्याच पिक्चरचं, एकच. आता दुसरी बायको असती तं शांत झाली असती. मी म्हटलं, ती बाई हुशार असन, आपलं तिकीट आपल्यापाशी ठेवत असन.

पुढच्या सुटीले मी आंघोळ करून, साडी बदलून, मोटारसायकलीजवळ जाऊन उभी राहिली. "मी येते पिक्चरले."

यायचा चेहरा उतरला. तो मी डोळ्यानं पाहिला. "तुले कायले? डम्प आहे म्हणतात."

"न पाहता डम्प? तुम्ही तं दगड पाहिल्याशिवाय ग्रेड देत नव्हते."

यायनं किक मारली. मी मागं बसली, पदर घट्ट खोचून, लढाईले चालल्यासारखी.

टॉकीजमध्ये मी पिक्चर पाहिलाच नाही. मी यायले पाहत होती, अन् आजूबाजूच्या बायकायले. मोरपंखी साडी कुठं दिसते का. कोणीच नाही. डाव्या हाताले एक म्हातारा, समोर कॉलेजचे पोट्टे, मागं एक घरदार जेवणाचा डबा घेऊन आलेलं. पिक्चर हसण्याचा होता. लोक खदखदा हसत. हेही हसत, पण कसं? आधी म्हाताऱ्याकडं पाहत, म्हातारा हसला का मंग हे हसत. मी म्हटलं, हे काय नवीन सोंग? माझ्याबरोबर आले म्हणून ध्यान लागत नाही वाटते.

इंटरवलनंतर पडद्यावर एक वकील कोर्टात बोलत होता अन् आवाज गेला. चित्र सुरू, आवाज बंद. वकिलाचं तोंड हालते, हात हालते, काहीच ऐकू येत नाही. लोक ओरडाले लागले, "आवाज! ए, आवाज!" पोट्ट्यायनं तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारल्या. मागचा एक तं खुर्चीवर उभा झाला.

अन् आमचे हे? हे पडद्याकडं पाहत होते. तल्लीन. वकिलानं टेबलावर मूठ मारली, यायनं मान हलवली. मंग शिट्ट्या मारणाऱ्या पोट्ट्यायकडं नजर गेली, तं यायले वाटलं का लोकायले सीन लय आवडला. यायनंही टाळ्या वाजवल्या. माझ्याकडं वळून, खुशीत येऊन म्हणाले, "हायग्रेड आहे ना?"

 फोन, टीव्ही, "हाव हाव", उषाबाईचं तोंड, सारं एका झटक्यात समोर आलं. दुसरी बाई नव्हतीच. क्षणभर मले आनंद झाला, खोटं कायले बोलू. अन् दुसऱ्या क्षणी मले खाणीचं छत दिसलं, अन् त्याच्या खाली हातात सब्बल घेऊन हे, अन् यायच्या मागं माझा हेमराज. बाप्पा! दुसरी बाई असती तं बरं झालं असतं.

परत येताना मी मागं बसून बोलून पाहिलं. म्हटलं, "मी माहेरी चालली." काही नाही. म्हटलं, "तुमच्या पाठीवर विंचू चढून राहिला." यायनं थोडी मान वळवली. "हाव, थंडी वाजून राहिली." मंग मी रस्ताभर रडली. रडणंही यायले ऐकू आलं नाही, तेवढं एक बरं झालं.

घरी आल्यावर मी यायच्या समोर बसली अन् हळूहळू ओठ हालवून विचारलं, "कधीपासून?"

यायले समजलं. पहिले चिडले, मंग खाली पाहाले लागले. डावा कान तं लहानपणापासून वाहत होता, म्हणे. उजव्यानं निभत होतं, त्यानंही दिवाळीच्या आधी साथ सोडली. "हळू बोल," मले म्हणाले, "भिंतीले कान असतात."

"भिंतीले आहेत," मी म्हटलं, "तुमाले नाहीत!"

एरवी अशा बोलण्यावर हे हसले असते. "पुढच्या साली खाणीची मेडिकल तपासणी आहे," म्हणाले. "तोवर कोणाले सांगू नको. वर घेतीन मले. गेटाजवळ खुर्ची देतीन. खाली उतरणारा माणूस मी, गेटाजवळ बसून कोणाले सलाम ठोकू?"

"अन् छत?"

"छत मले हातानं समजते." यायनं पंजा उघडून दाखवला. "एका हातानं ठोकतो, एक हात दगडावर ठेवतो. ढिल्ला असन तं तळहाताले कापरं समजते. अनुभव आहे."

मी संशयी बाई. मी उठली अन् ओसरीतले दोन माठ घेऊन आली. एक नवा, एक बारीक तडा गेलेला, ज्यात मी कांदे ठेवते. बाजारात माठ घेताना आपण बोटानं वाजवून पाहतो ना, तसंच. यायचे डोळे फडक्यानं बांधले अन् माठ पुढं सरकवले. यायनं एक हात ठेवला, एका हातानं वाजवला. पहिल्या खेपेले बराबर सांगतलं. चेहरा असा फुलला जसा काही मेडिकल पास झाले. मी माठ सरकवून पुन्हा पुढं केले. फुटका वाजला तसा मले तो आतल्या खोलीतूनही ऐकू आला असता. हे म्हणाले, "हा पक्का."

मी डोळ्यावरचं फडकं सोडलं. हे त्या माठाकडं पाहत राहिले. मंग रागानं म्हणाले, "माठ म्हणजे दगड नोहे." अन् न जेवता भिंतीकडं तोंड करून झोपले. मी काय बोलणार होती? बोलाचं तं ओरडाव लागते, अन् ओरडली तं साऱ्या लाइनीले समजते. नवऱ्याची इज्जत माझ्या आवाजात अडकून बसली होती.

सकाळी हेमराज नेहमीसारखा यायले घ्याले आला. हे दारात बसून बूट घालत होते, पाठ आमच्याकडं. मी हेमराजले आत ओढलं अन् हळू आवाजात म्हटलं, "तुह्या भाऊजीले ऐकू येत नाही. समजलं का? अजिबात ऐकू येत नाही."

मले वाटलं, दचकन. तो दचकला नाही. त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

"मालूम आहे बाई."

"मालूम आहे?"

"दिवाळीपासून. ते ठोकून पुढं गेले का मी मागून पुन्हा ठोकतो. कधी विनोद ठोकते. साऱ्या गँगले मालूम आहे. त्यायले दिसू देत नाही आम्ही." त्याचे डोळे भरून आले. "ज्यानं सब्बल धरणं शिकवलं, त्याले कसं म्हणू का सब्बल दे?"

मले काय वाटलं ते सांगते. पहिले वाटलं, याच्या पाया पडाव. अन् लगेच वाटलं, याच्या कानाखाली एक वाजवाव. "अरे भैताडा, तू मागून ठोकतो. तुह्या आधी तिथं कोण उभा राहते? तू ठोकाच्या आधी वरचं कोसळलं तं कोणाच्या डोक्यावर पडन?"

 हेमराजनं याचा विचारच केला नव्हता. साऱ्या गँगनं आपापला जीव सांभाळला होता, यायचं मनही सांभाळलं होतं, अन् यायले तेवढं रोज ढिल्ल्या दगडाखाली एकटं उभं केलं होतं.

तेवढ्यात हे वळले. आमचे दोघायचे चेहरे पाहिले. मी डोळे पुसत होती, हेमराज जमिनीकडं पाहत होता. हे उभे झाले. एका पायात बूट, एका पायात नाही.

"काय म्हणते हेमराज?"

हेमराजनं पटकन मान हालवली. "काही नाही भाऊजी. चला."

हे माझ्याकडं पाहाले लागले. माझ्या ओठाकडं. मलेही "काही नाही" म्हणता आलं असतं. साऱ्यायनं इतके दिवस तेच म्हटलं होतं. मी श्वास घेतला अन् कॉलनीत आजवर कोणी ओरडलं नसन अशी ओरडली, "तो म्हणते, तुमाले ऐकू येत नाही! तो म्हणते, तुमच्या मागून मी रोज छत ठोकतो! सारी गँग ठोकते! अन् तुम्ही एकटे त्याच्या खाली उभे राहता!"

पलीकडं उषाबाईची बकेट खाली पडली. लाइनीतले दरवाजे उघडले. पारावर शिफ्टची वाट पाहणारे लोक उठून उभे झाले. विनोद दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आला अन् यायची नजर पडताच त्यानं तोंड फिरवलं. त्या तोंड फिरवण्यात यायले सारं दिसलं.

हे खाली बसले. मले वाटलं आता मले मारतीन, नाही तं घर सोडून जातीन. यायनं पायातला बूट काढला. हेमराजले जवळ बोलावलं, त्याच्या हातातलं हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं, पट्टा स्वतः लावून दिला. "पुढं तू जाजो," म्हणाले. "अन् ठोकताना कोणाशी बोलू नको."

मंग चपला घातल्या अन् मले म्हणाले, "चाल, ऑफिसात जाऊ. साहेब काय म्हणतीन ते मले ऐकू येणार नाही. तू जोरात सांगजो, लोक ऐकले तं ऐकू दे. पण 'काही नाही' म्हणशीन तं याद राख."